खड्ड्यातल्या बाई

जमीन खणणारा वीस टनांचा डिगर नुसतं उलथनं वर करून थांबवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. उलथनं म्हणजे खरोखरीचं उलथनं हो, धिरडी उलटायचं, लाकडी मुठीचं, साताऱ्याच्या बाजारातून आलेलं! ते हवेत गेलं की पाठोपाठ "थांबा!" अशी आरोळी यायची आणि डिगरच्या केबिनमधला आमचा बॅझा, सहा फूट चार इंच उंच, दोन्ही दंडांवर शार्क गोंदवलेले, इंजिन बंद करून मुकाट्याने हाताची घडी घालायचा. मराठीतला तेवढा एकच शब्द त्याला येत होता. तो आपल्याला स्वप्नातही ऐकू येतो अशी तक्रार बॅझा चहाच्या सुट्टीत करायचा, आणि करताना त्याचं त्यालाच हसू आवरायचं नाही.

आमची साइट मेलबर्नमध्ये, वेरिबीच्या रेल्वे लाइनवर होती. जुनं रेल्वे फाटक काढायचं, रस्ता पुलावरून न्यायचा आणि स्टेशन नवं बांधायचं, असं काम. मी साइट इंजिनियर. कुठल्या दिवशी कुठला खड्डा आणि कुठल्या दिवशी कुठलं काँक्रीट, हे सगळं वेळापत्रक माझ्या डोक्यावर. आता जुन्या स्टेशनाच्या आवारात खणायचं तर शेजारी आर्किऑलॉजिस्ट उभा लागतो. तशी एक येणार असल्याचं ईमेल आलं, तेव्हा मी मनात एक उंच, उन्हाने रापलेली, हॅटवाली गोरी बाई रंगवून ठेवली होती. आल्या त्या ह्या! पाच फुटांना दोन बोटं कमी, वय साठीला टेकलेलं, पिवळंजर्द हाय-व्हिज जॅकेट गुडघ्यापर्यंत आणि हेल्मेटखाली सुपारीएवढा अंबाडा.

"नमस्कार, काकू!" मी आनंदाने म्हणालो.

"काकू तुझ्या घरी. इथे बाई म्हण," त्या म्हणाल्या. "वेळापत्रक तूच करतोस ना? मग आपलं भांडण होणार. आधीच सांगून ठेवते, मनाला लावून घ्यायचं नाही." त्याच दिवशी त्यांनी माझं नाव 'शेड्यूल' ठेवलं. "काय रे शेड्यूल, आज किती मागे आहेस?" हा त्यांचा रोजचा सकाळचा रामराम.

बाई पुण्यात पुरातत्त्व शिकल्या, बरीच वर्षं सरकारी जागा निघायची वाट बघितली, आणि मग मुलीच्या शिक्षणापायी नवऱ्याबरोबर मेलबर्नला आल्या. इथे पहिली सहा वर्षं डँडेनॉन्गला एका बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग केलं. "तिथे तुटकी बिस्किटं बाजूला काढायची असायची," त्यांनी मला सांगितलं. "मी ती जोडून बघायचे रे. अर्धं बिस्कीट हातात आलं की उरलेलं अर्धं कुठे गेलं असेल, हेच डोक्यात. सुपरवायझर म्हणाला, तू चुकीच्या जागी आहेस. मी म्हटलं, हे मला तुझ्याआधी माहिती आहे, बाबा." मग संध्याकाळी इथल्या युनिव्हर्सिटीत पुन्हा एक कोर्स केला आणि पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा त्यांना कुणीतरी पगार देऊन खड्ड्यात उतरवलं. त्या दिवसापासून त्या बाहेर यायलाच तयार नव्हत्या.

त्यांचा हत्यारांचा डबा म्हणजे अर्धं स्वयंपाकघर. उलथनं, चहाची गाळणी, दोन टूथब्रश, आणि यजमानांचा दाढीचा ब्रश. असे चार ब्रश मातीत गेल्यावर यजमानांनी शेवटी दाढी ठेवली. मला ते पहिल्यांदा भेटले तेव्हा ती छातीपर्यंत पोहोचली होती. कंपनीने दिलेली चांगली जर्मन अवजारं बाईंनी प्लास्टिकसकट कपाटात ठेवली होती, पाहुण्यांना दाखवायला.

काम सुरू व्हायच्या दिवशी इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक आजी आल्या होत्या. सगळे त्यांना आंटी म्हणतात. त्यांनी निलगिरीची ओली पानं जाळून धूर केला आणि ह्या जमिनीवर काम करणाऱ्यांचं सगळं नीट होवो असं म्हणाल्या. आम्ही सगळे रांगेने धुरातून जायचं. बाईंची पाळी आली, आणि बाईंनी काय करावं? वाकल्या, लेस सोडल्या, बोटांवर स्टीलची टोपी बसवलेले ते जाडजूड सेफ्टी बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी पुढे! सेफ्टी ऑफिसर किंचाळायचा बाकी होता. मी कानाशी जाऊन कुजबुजलो, "बाई, बूट!" तर म्हणतात कशा, "अरे, पूजेला बूट घालून कसं जाऊ?" आंटी खदाखदा हसल्या आणि बाईंचा हात धरून त्यांना स्वतः धुरातून नेलं. पुढे आंटी जेव्हा जेव्हा साइटवर आल्या, तेव्हा पहिला प्रश्न असायचा, "व्हेअर इज माय बेअरफूट लेडी?"

जमिनीतून काय काय निघायचं! मातीचे चिलीमवजा पाइप, कंदिलांच्या काचा, नाल, बटणं, एका चिनी मातीच्या बाहुलीचा इवलासा हात. प्रत्येक वस्तू तळहातावर घेऊन बाई एकच प्रश्न विचारायच्या, "कुणाचं असेल रे हे?" बाहुलीचा हात सापडला त्या दिवशी मी जरा वैतागलो होतो. "बाई, नुसता हात आहे. नोंद करा आणि पुढे चला ना," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो हात मोडला होता. "एक पोरगी इथे ट्रेनमधून उतरली आणि घरी पोहोचेपर्यंत रडली असेल," त्या म्हणाल्या, "आणि तू म्हणतोस पुढे चला." मी पुढे गेलो नाही. कशी कुणास ठाऊक, मलाही ती पोरगी दिसायला लागली.

एकदा हिरव्या काचेची जाड बाटली निघाली, मानेत चिमटा काढल्यासारखी, आत काचेची गोटी. बॅझा आणि बाकीचे गडी डोकं खाजवतायत. गोटी आत गेली कशी? बाहेर काढायची कशी? मी आणि बाईंनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघं एकदमच ओरडलो, "गोटी सोडा!" मग काय विचारता! बाईंनी अंगठा असा दाबून दाखवला, तोंडाने 'टॉक् फुस्स' असा आवाज काढला, आणि शाळेच्या फाटकाबाहेर मीठ घातल्यावर सोडा कसा उसळायचा, हे सांगताना जॅकेटवर काल्पनिक सोडाही सांडून घेतला. त्या आठवड्यात आमच्या साइटवर आठ धिप्पाड पुरुष तोंडाने 'टॉक् फुस्स' करत हिंडत होते.

तर आता तो दगड.

शटडाउनचा आठवडा होता. नऊ दिवस लाइन बंद, प्रवासी बदली बसमध्ये बसून आम्हाला शिव्या घालतायत, आणि सोमवारी सकाळी काँक्रीट पडलंच पाहिजे अशी माझ्या वेळापत्रकातली सगळ्यांत लाल रेघ. गुरुवारी दुपारी बॅझाच्या डिगरच्या बादलीला काहीतरी खरडलं. "थांबा!" बाई उतरल्या, उलथनं फिरलं, ब्रश फिरला, आणि मातीतून एक काळाभोर गोल दगड वर आला. चांगला गाडीच्या चाकाहून मोठा. कडेने उचललेला काठ, मध्ये उंचवटा आणि एका बाजूला पुढे काढलेली पन्हळ. इथल्या दगडाला ब्लूस्टोन म्हणतात, पण आहे तो आपल्या सह्याद्रीसारखाच ज्वालामुखीचा काळा पाषाण. आता तुम्हीच सांगा, मराठी माणसाला काय दिसणार? माझ्या तोंडून "हर हर महादेव!" निघून गेलं. फोन कधी हातात आला आणि फोटो आईला कधी गेला, मला कळलंसुद्धा नाही. खाली लिहिलं होतं, "बघ आमच्या साइटवर काय निघालं!" पुढे हात जोडलेले, एक नाही, चांगले पाच.

तासाभराने बाई खड्ड्यात नाचत होत्या. खोटं सांगत नाही, नाचत होत्या! "शेड्यूल, हापसा आहे रे, हापसा! हे बघ, मधल्या उंचवट्याला भोक आहे, शिसं ओतून त्यात लोखंडी खांब बसवलेला असणार. ही पन्हळ सांडलेलं पाणी घोड्यांच्या हौदात न्यायला. आणि ह्या काठावरच्या खाचा बघ. बादल्या टेकवून टेकवून पडल्यात. किती बायका आल्या असतील इथे, किती वर्षं!" मी म्हणालो, "वा!" आणि फोन खिशात लपवला. कारण तोवर आईने तो फोटो मावशीला, मावशीने ठाण्याच्या वहिनींना पाठवला होता, आणि वहिनींचा सख्खा भाऊ राहतो वेरिबीत.

पण त्याहून मोठं संकट समोर होतं. आमची मॅनेजर ट्रेसी, तशी वाईट नाही, पण तिच्याही डोक्यावर तीच लाल रेघ. ती म्हणाली, फोटो काढा, मापं घ्या, आणि सोमवारी इथे काँक्रीट. दगड फोडून भरावात. बाईंना काम थांबवायचा अधिकार होता, वस्तू ठेवायचा नव्हता. त्यांनी हात जोडले, भांडल्या, नव्या स्टेशनाच्या दारात तो बसवायचं चित्र काढून दाखवलं. शेवटी ट्रेसी म्हणाली, "लोकांना तो हवाय असं दिसलं तर मी वरती काही बोलू शकते. पण कुणाला हवाय? तुझ्याशिवाय कुणाला माहीत तरी आहे का?"

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बाई आसपासच्या दुकानांत कागद घेऊन फिरल्या. फार्मसी, फिश अँड चिप्स, केस कापायचं दुकान. सात सह्या मिळाल्या. परत आल्या त्या दगडाशेजारी उपड्या बादलीवर बसून राहिल्या. जेवणाचा डबा उघडला नाही. मी विचारलं, "बाई, उद्या आणखी फिरूया?" तर म्हणाल्या, "आठ वर्षं झाली मला इथे खणायला लागून. मी वाचवलेली प्रत्येक गोष्ट खोक्यात नंबर लावून कुठल्यातरी गोदामात पडलीय. एक तरी जिथली तिथे राहावी असं वाटतं रे. एक तरी." मला इतकं वाईट वाटलं, की फोटोचं सांगायचं धैर्यच झालं नाही.

शनिवारी सकाळी दहा वाजता कुंपणाबाहेर गाड्या यायला लागल्या. आधी दोन, मग पाच, मग रस्ता दिसेना! सोवळी, पैठण्या, ट्रॅकपँट, सगळं एकत्र. प्लास्टिकच्या कॅनमधून दोन-दोन लिटर दूध. बेल मिळेना म्हणून कुणीतरी लिंबाची पानं आणली होती. मराठी मंडळाचे सेक्रेटरी फोनवरचं होकायंत्र उंच धरून ओरडत होते, "शाळुंकेचं तोंड बरोब्बर उत्तरेला आहे! आता काय पुरावा हवा?" त्यांचा सहा वर्षांचा नातू जाळीतून बघून म्हणाला, "आजोबा, इट्स अ बर्ड बाथ," आणि त्याला गप्प करण्यात आलं.

बाईंनी गर्दीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फोटो कुणी काढला?" मी खाली बघितलं. त्यानंतर चाळीस मिनिटं त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बाईंच्या आयुष्यातला हा विक्रम असावा.

एवढ्यात ट्रेसी धावत आली, गोरीमोरी होऊन. "रिलिजस आहे का हा? मग आधी सांगायचं ना! फोडायचा प्रश्नच नाही. उद्या क्रेन लावा, दारात बसवा, पाटी लावा." अहो, मी आनंदाने उडी मारणार होतो! बाईंच्या कानाशी लागलो. "बाई, पाया पडतो तुमच्या, फक्त गप्प राहा. दगड वाचतोय!"

"काय म्हणून वाचतोय?" बाई म्हणाल्या. चाळीस मिनिटं तिथे संपली. "ज्या बायकांनी इथून पाणी वाहिलं, त्यांची नावं गेली, घरं गेली. आता त्यांचा हापसाही आपण आपल्या नावावर करून घ्यायचा? खोटं सांगून ठेवण्यापेक्षा मी तो माझ्या हाताने फोडेन." मग त्या उपड्या बादलीवर चढल्या आणि कुंपणापलीकडच्या सगळ्यांना खणखणीत मराठीत सांगितलं, की मंडळी, हा महादेव नाही. हा हापशाचा दगड आहे. तोंड उत्तरेला, कारण रस्ता उत्तरेला होता आणि घोडे तिकडे बांधायचे. शिसं दाखवलं, खाचा दाखवल्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही लांबून आलात, मला माफ करा. पण दगड खोटं बोलत नाहीये, मग मी कशी बोलू?"

सेक्रेटरींचं होकायंत्र खाली आलं. दोन गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं.

तेव्हा मागून एक आजी पुढे घुसल्या. सांगोल्याहून लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या, नऊवारी, हातात खण-नारळ. जाळीला नाक लावून त्यांनी विचारलं, "म्हंजी ह्यो पाणवठा हाय?"

"हो, आजी."

"बाया पाणी भरायच्या?"

"हो."

"मग मगाधरनं रडताय कशापायी?" आजी कडाडल्या. "देव नसंना का! लेकीला सव्वा महिना झाला, पाणवठ्याची ओटी भरायचीय. आख्ख्या गावात हीर न्हाई, आड न्हाई. जावई म्हनतो, बाथरूमच्या नळाची भरा! महिनाभर हुडकतीया मी. उघडा ते दार!"

हशा असा उसळला, की सुरू झालेल्या दोन्ही गाड्या बंद झाल्या. आता नियम म्हणजे नियम, साइटवर कुणालाही असंच सोडता येत नाही. मग आजींना हाय-व्हिज जॅकेट चढवलं, पदरावरून हेल्मेट बसवलं, बाईंचे जादाचे सेफ्टी बूट घातले. बाळंतीण लेक, तिच्याही डोक्यावर हेल्मेट. बाळ बाहेर सेक्रेटरींच्या हातात. बॅझाने आजींना हात देऊन खड्ड्यात उतरवलं. आजींनी काठावरच्या खाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आमच्या हापशाला बी अशीच पडलीया." मग कुंकवाची डबी उघडली, तर बाई झडप घालून ओरडल्या, "थांबा! हळदकुंकू नको! डाग जाणार नाही!" "देवाला चालतं, हिच्या दगडाला चालंना!" असं पुटपुटत आजींनी नुसता खण-नारळ ठेवला, तांदूळ वाहिले आणि हात जोडले. शेजारी उभ्या असलेल्या बाई ढसाढसा रडत होत्या.

सह्यांचे कागद कमी पडले. सेक्रेटरींनी बाळ परत देऊन मोहीमच हातात घेतली. घरी निघालेल्यांना त्यांनी रस्त्यात आडवं जाऊन थांबवलं. काय चाललंय बघायला आलेल्या गोऱ्या शेजाऱ्यांनी सह्या केल्या, त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने आपली आजी बादलीने पाणी आणायची असंही लिहून दिलं. बॅझाने दोनदा सही केली. ट्रेसी गोंधळून विचारत होती, "पण हा रिलिजस नाहीये ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पंप आहे."

"तरी ह्यांना हवाय?"

"आता तर जास्तच."

ट्रेसीने फोन कानाला लावला, लांब जाऊन बोलली, परत आली. "उद्याचा दिवस तुमचा. सोमवारी सकाळी मला खड्डा रिकामा हवा." रविवारी पट्टे बांधून दगड उचलला गेला. बॅझा डिगर गोगलगाईच्या चालीने हाकत होता आणि बाई त्याच्यासमोर उलट्या चालत होत्या, दोन्ही हात पसरून. सोमवारी काँक्रीट वेळेवर पडलं. कुणाला पटणार नाही, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही.

काम संपत आलं आणि बाईंना कालगुर्लीचं बोलावणं आलं. सोन्याच्या खाणींचं गाव, तिथे रुळांची दुरुस्ती आणि रुळांखाली जुनी वस्ती. जायच्या दिवशी त्या दगडापाशी आल्या. तो नव्या दारात बसवला होता, मातीत होता तेव्हाचा कल मिलिमीटरपर्यंत पाळून. मला वाटलं काही बोलतील. म्हणाल्या एवढंच, "कोरडा बरा नाही दिसत रे." आणि गेल्या.

नकाशात दगडाभोवती साखळी आणि पाटी होती. पाणी नव्हतं. मी तीन रात्री, नाही, तीन दुपारी म्हणूया, ऑफिसात बसून नळाचं ड्रॉइंग काढलं आणि फरशीवाले हजर झाले त्या सकाळी त्यांच्यासमोर उभा राहून काम थांबवलं. मी! एक दिवस पूर्ण! ट्रेसीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू आजारी आहेस का, मेट?" प्लंबर म्हणत होता, दगड जुना, पाणी तुंबणार, बुटांना लागणार. मी म्हटलं, जोडून तर बघ.

स्टेशन उघडलं त्या सकाळी मी व्हिडिओ कॉलवर बाईंना धरलं. मागे लाल मातीचा खड्डा, त्यात त्या. "आता काय मोडलंस?" त्यांनी विचारलं. मी फोन दगडाकडे वळवला आणि नळ सोडला. पाणी मधल्या उंचवट्यावरून दगडभर पसरलं, क्षणभर काठाशी थबकलं, आणि मग सगळंच्या सगळं वळून पन्हळीकडे निघालं. एक थेंब काठावरून गेला नाही. मी इंजिनियर आहे हो. असा उतार लेझर लावूनही पटकन साधत नाही. कुणा गवंड्याने छिन्नीने काढलेला तो!

बाईंनी तोंड स्क्रीनच्या अगदी जवळ आणलं. मग म्हणाल्या, "त्या गवंड्याचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही रे. पण त्याचं काम चालू झालं."

"बंद करू, बाई?" मी विचारलं.

"नको रे, थोडं राहू दे."

मी राहू दिलं. मागे वळून पाहिलं तर सकाळच्या ट्रेनची पाच-सहा माणसं, हातात रिकाम्या बाटल्या घेऊन, माझं आवरायची वाट बघत रांगेत उभी होती.